वेल्डरचा अरिको

मी पाईप फिटर आहे. पाईपची दोन तोंडं समोरासमोर आणायची, मधे ठरलेली फट ठेवायची आणि वेल्डिंगचे टाके मारून ती जागच्या जागी धरायची, हे माझं काम. मग वेल्डर येतो आणि तो जोड भरतो. एका फिटरची एका वेल्डरशी जोडी लागते आणि चांगली लागली तर फोरमन ती मोडत नाही. सौदीत आल्यावर माझी जोडी लागली ती मॉरिशसच्या एका माणसाशी. कॅम्पमध्ये खोलीही आमची एकच होती. तिसरा पलंग बिहारच्या एका इलेक्ट्रिशियनचा.

आमचा कॅम्प दम्मामहून अबकैककडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होता. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, मधे सिमेंटची वाट, टोकाला मेस. पहिल्या संध्याकाळी मी बायकोला फोन करून पोचल्याचं सांगितलं, जेवण कसलं आहे तेही सांगितलं. फोन ठेवला तर समोरच्या पलंगावरचा करड्या केसांचा, काळासावळा माणूस उठून बसला होता.

"क्षमा करा," तो म्हणाला, "आपण मराठी भाषा बोलत होता काय?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही कुठले?"

"मॉरिशस बेट. परंतु आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे."

त्याचा पणजोबा की खापरपणजोबा ऊस तोडायला जहाजातून गेला होता. गाव कुठलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून आलेल्या तिकडच्या बोलीत. मराठी तो शाळेत शिकला होता, आपण संस्कृत शिकतो तशी, पुस्तकातून. देवळात आरत्या म्हणायच्या तेवढीच ती तोंडी यायची. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाशी सलग मराठी बोलायची वेळ त्याच्यावर पन्नाशी उलटून गेल्यावर आली, तीही वाळवंटातल्या पत्र्याच्या खोलीत. बाथरूमला तो स्नानगृह म्हणायचा. बिहारी म्हणायचा, चाचा रेडिओसारखं बोलतो. आठवड्याभरात मी त्याला दादा म्हणायला लागलो आणि तो मला बंधू. मी त्याला अहोजाहो करायचो. तो मात्र मला अरेतुरे करायचा; पहिल्या संध्याकाळचं 'आपण' पुस्तकातलं होतं, ते टिकलं नाही.

शुक्रवार सुट्टीचा. सुट्टीच्या दिवशी कॅम्पात वेळ जाता जात नाही. कपडे धुवायचे, घरी फोन करायचे, झोपायचं, उठायचं, परत झोपायचं. दादा मात्र शुक्रवारी अरिको करायचा. अरिको म्हणजे लाल राजमा. दम्मामच्या बाजारातून तो किलोकिलोने आणून पत्र्याच्या डब्यात पलंगाखाली ठेवायचा. गुरुवारी कामावरून आलं की आंघोळ करून तो डबा ओढायचा, स्टीलच्या थाळीत मूठमूठ दाणे पसरायचा आणि निवडायला बसायचा. खडे, मातीचे गोळे, सुरकुतलेले आणि भोकं पडलेले दाणे बाजूला. मग रात्रभर पाण्यात.

सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, नवीन घालायचं आणि पातेलं मेसमागच्या शेडमध्ये न्यायचं. तिथे भिंतीला लागून सिमेंटचा ओटा होता आणि त्यावर गॅसच्या शेगड्या. आधी दणदणीत उकळी, मग आच बारीक. दाणा शिजेपर्यंत मीठ घालायचं नाही. बिहाऱ्याकडे कुकर होता. "पाच सीटी में हो जाएगा, चाचा," तो म्हणायचा. दादा मान हलवायचा.

"आणि उरलेल्या दिवसाचे काय करू?" असं त्याने एकदा मला मराठीत विचारलं. बिहाऱ्याला मी ते हिंदीत सांगितलं. त्यानंतर त्याने कुकरचं नाव काढलं नाही.

दाणा बोटात चिरडला की दुसऱ्या भांड्यात तेल. त्यात कांदा, भरपूर लसूण, आलं, कढीपत्ता आणि थाईम नावाचा वाळका पाला. अरबांच्या मसाल्याच्या दुकानात तो ज़ातर म्हणून मिळतो. वास ओव्याच्या जवळचा. मग टोमॅटो, ते तेल सोडेपर्यंत. हे सगळं शिजलेल्या अरिकोत ओतायचं, दोन डाव दाणे पातेल्याच्या कडेला रगडायचे म्हणजे रस्सा दाट होतो, आणि लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी टाकायच्या. कधी मटणाचं हाड मिळालं तर तेही. भोपळा विरघळून दिसेनासा झाला की झालं. सोबत भात आणि मिठात रगडलेली हिरवी मिरची.

मला ते सुरुवातीला मिळमिळीत लागलं. काळ्या वाटाण्याच्या आमटीवर वाढलेला माणूस मी. त्यात ना गरम मसाला ना खोबरं. पण मेसची डाळ आठवडाभर गिळल्यावर तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी मी वाट बघायला लागलो. दादा म्हणायचा, बेटावर चक्रीवादळ येते तेव्हा दुकाने बंद, वीज नाही, समुद्रावर कोणी जात नाही. तेव्हा डब्यातला हा कोरडा दाणाच असतो. दार लावून घरात बसायचे, बाहेर पत्रे उडतात, आणि आत चुलीवर पातेले. जेवताना तो हे सांगायचा तेव्हा आमच्या खोलीबाहेरही बहुधा वारा सुटलेला असायचा आणि दाराच्या फटीतून वाळू आत येत असायची.

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी बिहारी जेवता जेवता थांबला. त्याने गालाला हात लावला, वाकून तोंडातलं हातावर काढलं. हरभऱ्याएवढा खडा होता आणि दाढेचा एक तुकडा.

"चाचा, आज ध्यान कहाँ था?" तो म्हणाला. रागाने नाही, दुखत होतं म्हणून.

दादाने तो खडा आपल्या तळहातावर घेतला, डोळ्यांपाशी नेला, मान एकीकडे कलती केली. "हा मी पाहिला नाही," तो अगदी हळू म्हणाला. मग उठून बिहाऱ्यासाठी कोमट पाण्यात मीठ घालून आणलं. स्वतःचं ताट त्याने पुरं केलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो निवडायला बसला तेव्हा मी समोर बसलो. तो निवडत होता, पण मान सारखी हलवत होता, कोंबडी दाणे टिपताना हलवते तशी. थाळीच्या डाव्या बाजूला एक पांढरा खडा लाल दाण्यांत स्पष्ट दिसत होता. तीन वेळा त्याची बोटं जवळून गेली. मी त्या खड्यावर बोट ठेवलं. त्याला माझं बोटही दिसलं नाही. ते मी सरकवत थाळीच्या मध्यावर आणलं तेव्हा तो दचकला.

"दादा, हा दिसला नाही तुम्हाला?"

"कुठला?"

मी खडा उचलून बाजूला ठेवला. थाळी माझ्याकडे ढकलून तो म्हणाला, "तू निवड," आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्यानंतर दर गुरुवारी मीच निवडायचो. पण एकदा लक्ष गेल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. बसच्या पायरीवर तो आधी पायाने चाचपायचा. दाराच्या डाव्या चौकटीला त्याचा खांदा घासायचा. चहाचा कप त्याच्या डाव्या हाताला ठेवला की सांडायचा. साईटवर एकदा डावीकडून फोर्कलिफ्ट हॉर्न वाजवत आली. तो आवाजाने दचकून डावीकडेच सरकला आणि सरळ तिच्यासमोर गेला. मी कॉलर धरून मागे खेचलं. ड्रायव्हरने शिव्या दिल्या. दादाने हात जोडले, पण ज्या दिशेला जोडले तिथे ड्रायव्हर नव्हता.

आणि तरी त्याचे जोड पास होत होते. प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो, त्यात बारीकशी पोकळी दिसली तरी जोड नापास. दादाचे होत नव्हते. मला कोडं पडलं होतं. मग एकदा त्याचा मास्क मी सहज डोळ्याला लावून पाहिला आणि समजलं. त्या काळ्या काचेतून कुणालाच काही दिसत नाही. दिसतो तो फक्त रॉडच्या टोकाशी वितळलेल्या लोखंडाचा एक ठिपका, बरोबर समोर. दादाला आता जगात तेवढंच नीट दिसत होतं. म्हणून दाण्यांतले खडे सुटले, माणसं सुटली, पायऱ्या सुटल्या, आणि वेल्डिंग सगळ्यात शेवटपर्यंत टिकलं. कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीतही तो पास व्हायचा. तिथे समोरची अक्षरं वाचायची असतात.

दम्मामजवळच्या खोबर शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्याला घेऊन गेलो. तो येत नव्हता. मी म्हटलं, फोर्कलिफ्ट दर वेळी थांबणार नाही. त्यावर आला.

तपासणीत एका यंत्रावर हनुवटी टेकवायची, आत कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होतो. चार-पाच वेळा टिक टिक झालं आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं तपासणी संपली. मग पुन्हा एकच टिक. नर्स त्याला हिंदीत सांगत होती, "देखते रहिए, अभी चालू है."

डॉक्टर इजिप्तचा होता. तो इंग्रजीत बोलला आणि दादाला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी त्यांच्या तोंडांकडे पाहत राहिलो. शेवटी दादा माझ्याकडे वळला आणि वर्गात उत्तर द्यावं तसं म्हणाला, "डोळ्याच्या मागची नस मरत आहे. जी मेली ती मेली. थेंब घातले तर उरलेली हळू मरेल. डाव्या डोळ्यात थोडेच उरले आहे. उजव्यात अर्धे."

"काचबिंदू," मी म्हटलं. आमच्या वाडीत दोघा-तिघांना झालेला मला ठाऊक होता.

"काय म्हणालास?"

"काचबिंदू. याला मराठीत काचबिंदू म्हणतात."

त्याने तो शब्द दोनदा पुटपुटला. "सुंदर शब्द आहे," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनाही हेच असणार. शेवटी ते भिंत धरून चालत. लोक म्हणत, उसाच्या शेतातल्या उन्हाने झाले."

टॅक्सीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. कॅम्प जवळ आल्यावर म्हणाला, "बंधू, कोणास सांगू नकोस."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. पण दादा, त्या लाईनीतून दाबाखालचा गॅस जाणार हे तुम्हालाही माहीत आहे. जोपर्यंत समोरचा ठिपका दिसतोय तोपर्यंत मी पाईप जुळवून फिट-अप देईन. ज्या दिवशी तुमचा रॉड हलताना मला दिसेल, त्या दिवशी देणार नाही."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कामावर बोटाने खुणा करायचा. तिसऱ्या संध्याकाळी थेंबांची बाटली माझ्यासमोर धरून पलंगावर उताणा झाला. त्याला स्वतःला घालता येत नव्हते, थेंब गालावर पडायचे. तेव्हापासून रोज रात्री जेवणाआधी मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालायचो. तो डोळे मिटून पडून राहायचा आणि बिहारी मोबाईलचा आवाज कमी करायचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक्स-रेत जोड नापास व्हायला लागले. आधी एक, मग पंधरवड्याने आणखी एक. फोरमन मंगळूरकडचा होता, वाईट माणूस नव्हता. म्हणाला, उमर हो गयी क्या, मॉरिशस? दादा हसला. ते दोन्ही जोड त्याने घासून पुन्हा भरले आणि पास करून दाखवले. पण रॉड टेकवताना पहिल्या प्रयत्नात तो खाचेबाहेर टेकायचा, पाईपच्या चकचकीत अंगावर काळा डाग उठायचा. ते डाग मी ग्राइंडरने घासून काढत होतो आणि मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.

मग एके सकाळी आम्ही मचाणावर होतो, जमिनीपासून दोन माणसं उंच. मी फिट-अप दिला, बाजूला झालो. दादाने जोडाचा पहिला थर घ्यायला सुरुवात केली. हा आतला थर, सगळा भार त्याच्यावर. अर्धा पाईप फिरून झाला असेल. तो थांबला. मास्क वर केला, हातमोज्याने डोळे पुसले, परत मास्क खाली. रॉड टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. मग होल्डर खाली ठेवला, मास्क काढून मांडीवर घेतला आणि तसाच बसून राहिला.

"दादा, काय झालं?"

"ठिपक्याचे दोन झाले," तो म्हणाला. "आणि मग एकही नाही."

मी पाण्याची बाटली दिली. तो प्यायला नाही. खाली फोरमन कुणाशी तरी बोलत होता. दादाने मचाणावरून त्याला हाक मारली आणि हिंदीत सांगितलं, "ये जॉइंट काट डालो. एक्स-रे मत लेना. काट डालो." फोरमनने विचारलं, क्यों? "मेरे को दिखता नहीं है," दादा म्हणाला. शेजारच्या मचाणावरचे ग्राइंडर चालू होते, त्यामुळे फोरमनला ऐकू गेलं नाही आणि दादाला ते दुसऱ्यांदा मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. तेव्हा नेमके ग्राइंडर थांबले होते. सगळ्यांनी वर पाहिलं.

खाली उतरताना तो शिडीवर माझ्या पुढे होता. मी एकेक पायरी सांगत होतो. त्याने मला गप्प बसायला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून त्याला वेल्डिंग बंद. व्हिसा रद्द करून घरी पाठवायचं ठरलं, पण त्याला काही आठवडे लागतात, आणि तोवर माणसाला रिकामं बसवत नाहीत. त्याला फायर वॉचचं काम दिलं. म्हणजे दुसरा कुणी वेल्डिंग करत असताना शेजारी आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभं राहायचं आणि ठिणग्या कुठे पडतात ते बघायचं. ज्याला दिसत नाही त्याला बघायचं काम. फोरमनला ते कळत होतं. पण त्याच्याकडे सावलीतलं दुसरं काम नव्हतं, आणि उन्हात उभं करणं त्याच्या जिवावर आलं. माझ्या जोडीला नवीन वेल्डर आला, बांगलादेशी. त्याचा हात चांगला होता. दादा आमच्यापासून पाच हातांवर सिलिंडर धरून, ठिणग्या उडत होत्या त्याच्या थोडं बाजूला बघत उभा असायचा.

घरी त्याने अजून सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी सांगितलं. क्रिओल मला समजत नाही. तो बराच वेळ सावकाश बोलला, मग थांबला, मग पलीकडून बायकोचा आवाज येत राहिला, चढत गेला आणि एकदम बंद झाला. फोन चालूच होता. मी चप्पल घालून बाहेर गेलो.

जायच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी त्याला अरिको करायचा होता. मी म्हटलं, मी करतो, तुम्ही शेजारी बसून सांगा. "नको," तो म्हणाला. "हे माझे हात करतात. डोळे लागत नाहीत." आदल्या संध्याकाळी मी निवडून भिजत घातले होते. सकाळी शेडपर्यंत पातेलं मी नेलं, पुढचं सगळं त्याने केलं. कांदा चिरताना मी बघू शकलो नाही, पण बोट कापलं नाही. लसणाचा रंग तो वासावरून ओळखत होता. उकळीचा आवाज ऐकून आच कमी करत होता. बिहारी भात घेऊन आला. शेजारच्या खोलीतल्या दोन-चार जणांनाही बोलावलं होतं, चाचाचं शेवटचं जेवण म्हणून. दुपार झाली, मशिदीतून नमाज आटोपून लोक परतत होते. भोपळा विरघळला होता. मी म्हटलं, दादा, मी उतरवतो. त्याने दोन्ही बाजूंना फडकी धरून पातेलं उचललंही होतं.

ओट्यावर डाव्या हाताला जागा होती, तिथे त्याला ते ठेवायचं होतं. ओटा जिथे संपतो त्याच्या हातभर अलीकडे. अंदाज चुकून तो हातभर पुढे गेला; त्याला वाटलं तिथवर ओटा आहे. त्याने ठेवलं. अर्धं पातेलं ओट्यावर, अर्धं हवेत. हात काढले आणि ते उलटलं.

तो ओरडला नाही. एक श्वास आत घेतल्यासारखा आवाज आला. उकळता रस्सा त्याच्या डाव्या पायावर, घोट्यापासून बोटांपर्यंत. मी त्याला मागे ओढून नळाखाली पाय धरला. नळाचं पाणीही त्या दिवसांत गरमच येतं. बिहारी मेसमधून बर्फ आणायला धावला. पायाची कातडी माझ्या हाताखाली सुटत होती. दादा मात्र खाली बसून जमिनीवर हात फिरवत होता, चाचपत होता. लाल दाणे सगळीकडे पसरले होते, त्यांच्यातून वाफ निघत होती.

"किती गेले?" त्याने विचारलं.

"राहू द्या ते, दादा."

"किती उरले ते सांग."

पातेल्याच्या तळाशी वाटीभर होतं. मी म्हटलं, "काही नाही उरलं."

कंपनीच्या गाडीने त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून संध्याकाळी परत आणलं. तोवर बिहाऱ्याने शेड धुऊन काढली होती. जेवायला बोलावलेले लोक आपापल्या खोलीत गेले होते. आम्ही मेसमधून तीन ताटं आणली आणि खोलीत बसून खाल्ली.

तो गेला तेव्हा एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात पट्टीवर ओढलेली माझी चप्पल. विमानतळावर व्हीलचेअर मागितली होती. ती पायासाठी, असं त्याने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं.

पहिले काही महिने तो दर शुक्रवारी फोन करायचा. पाय बरा झाला. थेंब चालू आहेत. मुलगा बस चालवतो, बायको आणि सून हॉटेलच्या लाँड्रीत कामाला जातात, दिवसभर घरात कोणी नसते. मी त्याला साईटचं सांगायचो. स्वयंपाकाचं एकदाच विचारलं. तो म्हणाला, सून जाताना गॅसचा कॉक बंद करून ठेवते. बोलता बोलता त्याची मराठी कमी होत चालली होती, मधेच क्रिओल शब्द यायचे आणि मला समजले नाहीत तरी तो थांबायचा नाही.

एका शुक्रवारी त्याचा आवाज वेगळा लागला. उजव्या डोळ्याचंही गेलं होतं, आता नुसता उजेड-अंधार कळत होता. मी काहीतरी बोललो, हिंमत ठेवा वगैरे.

"तू मला त्या डॉक्टराकडे का नेलेस?" त्याने विचारलं.

"दादा, फोर्कलिफ्ट..."

"मला एक वर्ष आणखी मिळाले असते. माझा हात चालत होता. तू नेलेस, त्याने नाव सांगितले, तू मराठीत नाव सांगितलेस. नाव कळल्यावर माझा हात थांबला. त्याआधी थांबला नव्हता."

डॉक्टर म्हणाला होता त्याप्रमाणे थेंब न घालता सगळं याहून लवकर गेलं असतं. तो एक जोड तसाच भरला असता तर काय झालं असतं, तेही त्याला ठाऊक होतं; कापून टाका असं त्यानेच ओरडून सांगितलं होतं. हे सगळं मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तो उत्तराची वाट बघत राहिला आणि मग त्याने फोन ठेवला.

पुढे त्याचा फोन आला नाही. मी केला तर त्याची बायको उचलायची, क्रिओलमध्ये काहीतरी सांगायची, त्यातलं 'झोपला आहे' एवढं मला ओळखता यायला लागलं होतं.

यंदा गणपतीत मी पुन्हा लावला. इथे तेव्हाही उन्हाळाच असतो, भर दुपारी बाहेरचं काम बंद असतं; आम्हाला बसने कॅम्पात आणतात आणि तीन वाजता परत नेतात. परत जाताना बसमध्ये बसून मी फोन लावला आणि त्याने स्वतःच उचलला.

"बंधू," तो म्हणाला, जसं काही मधे काही झालंच नव्हतं. "आज विसर्जन आहे."

"हो का? मग गर्दी असेल घरी."

"कोणी नाही. सर्व नदीवर गेले. तिथे उतार आहे, चिखल असतो. माझ्यासाठी एक माणूस मागे ठेवावा लागला असता, म्हणून मीच म्हणालो, जा."

मागे काहीही आवाज नव्हता. रिकाम्या घराचा असतो तसला शांतपणा फोनमधून ऐकू येत होता. मी विचारलं, जेवलात का. जेवला होता. पाऊस आहे का. नाही. पाय कसा आहे. बरा आहे.

"ते येईपर्यंत फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "बोलायला हवे असे नाही."

मी फोन कानाला धरून बसलो, बस चालली होती, पुढच्या सीटवर बिहारी डोकं टेकून झोपला होता. बाहेर नेहमीसारखी वाळू आणि विजेचे खांब. मधे एकदा तो खाकरला. एकदा खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि त्याने विचारलं, "आहेस ना?" मी म्हटलं, आहे.

प्लांटच्या गेटवर फोन आत नेऊ देत नाहीत. बसमधून उतरलं की गार्डपाशी जमा करायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. बस गेटपाशी थांबली, लोक उठले.

"दादा, गेट आलं. ठेवावा लागेल."

"ते अजून आले नाहीत."

"हो. पण ठेवावा लागेल."

"बरे," तो म्हणाला. पण त्याने ठेवला नाही. मी रांगेत पुढे सरकत गार्डपर्यंत पोचलो, त्याने हात पुढे केला, आणि मी फोन बंद करून त्याच्या हातात दिला.